फिर्यादीत न आलेले दोन शब्द

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, रोज सकाळी रंकाळ्यावर ज्यांच्याबरोबर फिरतो त्या तीन रिटायर मंडळींना तर नाहीच — त्यातले दोघे माझ्याच खात्यातले. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगितलं तर तो लगेच माझी समजूत घालायला लागेल, ‘अहो चालायचंच, सगळेच असं करतात’ म्हणेल. आणि मला ते बरं वाटेल. बरं वाटून घ्यायची मला भीती वाटते.

चौतीस वर्षं पोलिसात काढली. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. आता पोलीस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काठी, पळापळ असं काही येत असेल, तर तसा मी नव्हे. माझं अक्षर चांगलं होतं. पहिल्याच वर्षी एका साहेबांनी ते पाहिलं आणि मला टेबलावर बसवलं, तो मी टेबलावरच राहिलो. फिर्यादी, जबाब, पंचनामे. पुढं कॉम्प्युटर आला आणि अक्षराची किंमत गेली, पण भाषा राहिली. आमच्या लिखाणाची एक भाषा असते. ‘समक्ष हजर राहून फिर्याद देते ती अशी की.’ बाई छाती पिटत बोलू दे, नाहीतर भिंतीकडं बघत पुटपुटू दे, कागदावर ती अशीच बोलते. पहिल्या वर्षी मला ह्याचं हसू यायचं. नंतर अभिमान वाटायला लागला.

हो, अभिमान. निरोप समारंभाला मला फेटा बांधला, नारळ दिला आणि आमचे साहेब माईकवर म्हणाले, ‘यांनी लिहिलेली फिर्याद कोर्टात कधी हलली नाही.’ टाळ्या पडल्या. मी हात जोडले. त्या टाळ्यांत माझी बायको पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती — आणि मी काय करत होतो? समोर बसलेल्यांतल्या कुणाला ती एक फिर्याद आठवतेय का, हे चेहऱ्यांवर शोधत होतो.

कुणालाच आठवत नव्हती.

आधी कायद्याचं सांगावं लागेल, नाहीतर माझ्या दोषाचं वजन तुम्हाला कळणार नाही. कंटाळू नका, थोडकंच आहे. एखाद्या माणसानं आत्महत्या केली आणि दुसऱ्यानं त्याला त्याकडं ढकललं असं कुणी म्हटलं, तर त्याला आम्ही ‘तीनशे सहा’ म्हणायचो. आता नवा कायदा आला, आकडा बदलून एकशे आठ झाला, आशय तोच. पण ‘ढकललं’ म्हणजे काय? इथंच सगळी मेख आहे. त्रास दिला एवढं पुरत नाही. भांडला, अपमान केला, शिव्या दिल्या — पुरत नाही. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, कोर्टालाही ते ठाऊक असतं. कोर्ट विचारतं, चिथावणी होती का? म्हणजे त्या माणसानं जीव द्यावा असा हेतू ठेवून कुणी काही बोललं का, काही केलं का? आणि ते कधी? सहा महिन्यांपूर्वी केलेला अपमान चालत नाही. मरणाच्या अगदी जवळचं काहीतरी लागतं, त्या गोष्टीचा आणि मरणाचा धागा दिसावा लागतो. म्हणून कोर्टाला शब्द लागतात. नेमके शब्द. कोण बोललं, काय बोललं, कुठं उभं राहून, किती वाजता.

आणि मी काय लिहायचो? ‘वेळोवेळी मानसिक त्रास देऊन आत्महत्येस प्रवृत्त केले.’ हे कलमाचेच शब्द. मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलेलं — कलमातले शब्द फिर्यादीत आले की केस पक्की. वीस वर्षं मी तसंच लिहीत आलो. ते वाक्य म्हणजे निकाल झाला, पुरावा नव्हे, हे मला कुणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी कानामागं टाकलं? एका सरकारी वकिलांनी एकदा म्हटलं होतं, ‘हवालदार, तुमच्या सगळ्या बायका एकाच आवाजात कशा बोलतात हो?’ मी हसलो होतो.

आता ती गोष्ट.

राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. नाव सांगत नाही. तिथल्या दूध संस्थेत रूपाली नावाची तिशीतली बाई फॅट काढायला होती — म्हणजे लोक दूध घालायला येतात तेव्हा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन तो तपासायचा, आकडा लिहायचा. नवरा शिरोलीला फौंड्रीत, आठवड्यातनं एकदा घरी येणारा. घरात ती आणि सासू, हौसाबाई. एकदा संस्थेच्या सेक्रेटरीच्या मेहुण्याच्या दुधात पाणी निघालं आणि तिनं तसंच लिहिलं. खाडाखोड कर म्हटल्यावर केली नाही. एवढंच तिचं चुकलं.

त्यानंतर सेक्रेटरीनं एक नवीन पद्धत काढली. नमुन्याचं उरलेलं दूध ही घरी नेते असं म्हणून रोज सकाळी काम संपलं की दुधाच्या रांगेसमोर तिला तिची पिशवी उलटी करायला लावायची. रोज. आत एक रिकामा डबा, रुमाल, घराची किल्ली. ते सगळं जमिनीवर पडायचं आणि ती वाकून उचलायची. तीन आठवडे असं चाललं. रांगेत गावातले तीस-चाळीस लोक किटल्या घेऊन उभे असायचे. कुणी काही बोललं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही — मी कोण नावं ठेवणारा?

एका सकाळी रूपाली दूध संस्थेत गेली नाही. आदल्या संध्याकाळनंतर तिनं जीव दिला होता.

तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जन उरकून, हौसाबाई एकट्या ठाण्यात आल्या. मी ठाणे अंमलदार होतो, म्हणजे येईल त्याची फिर्याद घ्यायची माझी पाळी. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. सासू सुनेसाठी फिर्याद द्यायला आलीय हे बघून मला आधी विचित्र वाटलं. आमच्याकडं सहसा उलटं असतं, सासूविरुद्ध कुणीतरी येतं. मी विचारलंसुद्धा, ‘मावशी, माहेरचं कोणी नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘म्हायेरचं कशाला पायजेत? बारा वर्सं माझ्याजवळ हुती ती. म्हायेरी किती ऱ्हायली आसंल, सांगा.’

मग त्या बोलल्या. पिशवीचं सांगितलं. आणि त्या शेवटच्या संध्याकाळचं सांगितलं. ते मी तुम्हाला त्यांच्याच तोंडचं सांगतो, कारण मला ते शब्दन् शब्द पाठ आहे.

‘त्यो सांच्याला आला, सायेब. दूध घालायची येळ व्हायची हुती. ही परड्यात भांडी घाशीत हुती. त्येनं दारातनंच हाक मारली. म्हटला, उद्या तुजं नाव चोर म्हणून संस्थेच्या फळ्यावर लिवतो. ही हात जोडून म्हटली, दादा, आसं करू नगासा, मला तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाय, मी जीव दीन. तर त्यो हासला. हासला आन् म्हटला, दे की. सांगून कोण देत नसतंय, देऊन दाव. मी उंबऱ्यातच हुतो, सायेब. दे की म्हटला त्यो.’

आता तुम्हीच बघा. कोर्टाला जे जे लागतं, ते सगळं त्या बाईनं मला दोन मिनिटांत दिलं होतं. वेळ, जागा, नेमके शब्द. ती जीव देईन म्हणतेय हे त्याला कळलं होतं, आणि कळल्यावर तो ते म्हणाला होता. तेही मरणाच्या आधीच्या काही तासांत. कायद्याची पुस्तकं वाचलेला वकील याहून चांगलं सांगू शकला नसता.

मी काय केलं? कॉम्प्युटरवर आधीच्या एका तीनशे सहाची फाईल उघडली. नाव बदललं, गाव बदललं, वय बदललं. ‘पती’च्या जागी ‘दूध संस्थेचे सेक्रेटरी’ घातलं. आणि खाली ते वाक्य होतंच — ‘वेळोवेळी अपमानास्पद बोलून व मानसिक त्रास देऊन माझे सुनेस आत्महत्या करण्यास प्रवृत्त केले.’ पिशवी त्या ‘अपमानास्पद’मध्ये गेली. आणि ‘दे की’? ते गेलं कुठंच नाही. ते लिहिलंच नाही.

का नाही लिहिलं? ह्या प्रश्नाशी मी इतकी वर्षं खेळतोय. कधी मनाशी म्हटलं, त्या दिवशी बंदोबस्त होता, घाई होती. मग एकदा आठवून पाहिलं — बंदोबस्त नव्हता. ठाण्यात माशी उडत नव्हती. मी डबा खाऊन सुस्तावलो होतो, एवढंच. कधी म्हटलं, ‘सांगून कोण देत नसतंय’ ह्याचा अर्थ तिनं जीव द्यावा असं त्याला वाटत नव्हतं असा बचावाचा वकील लावील, म्हणून मी मुद्दाम गाळलं. वा! किती हुशारी. ही हुशारी मला त्यानंतर दोन वर्षांनी सुचली. खरं कारण लाजिरवाणं आहे. ‘दे की’ हे मला फिर्यादीत शोभण्यासारखं वाटलं नाही. माझ्या त्या घोटीव मजकुरात ते गावठी दिसलं असतं.

मग मी फिर्याद वाचून दाखवली. आम्ही वाचून दाखवतो म्हणजे काय, तुम्हाला माहीत असेल. तोंडातल्या तोंडात, भरभर. हौसाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान तयार होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘सायेब, त्यात दे की आलं का?’

मी म्हटलं, ‘आलं मावशी. सगळं आलंय. कायद्याच्या भाषेत आलंय.’

त्यांनी मान डोलावली आणि अंगठा दिला. खाली छापील ओळ होतीच — ‘मला वाचून दाखविली, ती माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरी आहे.’

तपास करणारे फौजदार पुढं त्यांच्याकडं गेले. विचारलं, फिर्यादीत आहे तेच ना तुमचं म्हणणं? त्या म्हणाल्या, ‘व्हय, सगळं आलंय त्यात.’ मीच तसं सांगितलं होतं ना. म्हणून पुरवणी जबाबातही ते आलं नाही. एका खोट्यानं किती कागद भरले बघा.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हा आळस झाला, फार तर निष्काळजीपणा. हो. इथंच थांबलं असतं तर मी कदाचित आज लिहीत बसलो नसतो. पण — सांगतो.

खटला उभा राहायला पाच वर्षं गेली. दुधाच्या रांगेतले पाच साक्षीदार होते. पाचही फिरले. ‘आम्ही दूध घालून गेलतो, आमाला काय ठावं न्हाय.’ राहिल्या एकट्या हौसाबाई. त्यांनी कोर्टात सगळं सांगितलं, जसंच्या तसं, ‘दे की’सकट. बचावाचे वकील उठले आणि त्यांनी विचारलं, हे तुमच्या फिर्यादीत का नाही? त्या म्हणाल्या, फिर्यादीत आहे. वकिलांनी फिर्याद पुढं केली. नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी सांगितलंय. ज्येंनी लिवलं त्या सायबास्नी इचारा.’

हे मला सरकारी वकिलांनी व्हरांड्यात सांगितलं. माझी साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर होती. ते म्हणाले, ‘हवालदार, सगळं त्या दोन शब्दांवर आलंय. तुम्हाला विचारणारच. जे असेल ते सांगा.’ आणि ते आत गेले. मी कँटीनमध्ये चहा घेतला.

त्या चहाएवढा वेळ मला होता. काय म्हणायचं होतं मला? ‘होय, सांगितलं होतं. माझ्याकडून लिहायचं राहिलं.’ दोन वाक्यं. पण त्यानंतर काय? कोर्ट माझ्यावर ताशेरे ओढणार. खात्यात चौकशी लागणार. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. आणि ‘यांची फिर्याद हलत नाही’ — ती जी माझी एक ओळख होती, ठाण्यात, घरात, पाहुण्यांत, ती गेली असती. भीती कशाची जास्त होती, चौकशीची की ओळख जाण्याची? ओळखीची. आज एवढं तरी प्रामाणिकपणे सांगता येतं.

मी पिंजऱ्यात चढलो. शपथ घेतली. हौसाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, साक्ष झालेल्या साक्षीदाराला बसता येतं. वकिलांनी विचारलं, ‘‘दे की, देऊन दाव’ हे शब्द आरोपी म्हणाला, असं फिर्यादीनं तुम्हाला सांगितलं होतं का?’

मी म्हणालो, ‘नाही. तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नमूद केलं असतं.’

हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. पोलीस साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ते आपोआप जिभेवर येतं. पण आपोआप आलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. त्या क्षणी मला तिचं घरामागचं परडं दिसत होतं, भांडी दिसत होती, उंबऱ्यात उभ्या हौसाबाई दिसत होत्या — जे मी कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, ते सगळं डोळ्यांपुढं होतं. आणि मी ‘सांगितलं नव्हतं’ म्हणालो.

पिंजऱ्यातून उतरताना मी मागच्या बाकाकडं पाहिलं. वाटलं, त्या ओरडतील. शाप देतील. उठून माझ्या अंगावर येतील, आमच्याकडच्या बायका मागं-पुढं बघत नाहीत. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या, खाली बघत. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होत्या.

आरोपी सुटला. निकालपत्र मी मिळवून वाचलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की फिर्यादीत नुसता त्रास दिल्याचा मोघम आरोप आहे, कोणते शब्द, कधी, कुठं, ह्याचा उल्लेख नाही. आणि फिर्यादी बाई कोर्टात जे सांगते ती मागाहून केलेली सुधारणा आहे, ते तिनं आधी कुणालाही सांगितलेलं नाही, म्हणून तिच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही. न्यायाधीशांचं काय चुकलं? त्यांच्यापुढं जो कागद होता, त्यावरून त्यांनी बरोबरच लिहिलं. कागद माझा होता.

ते शब्द असते तर शिक्षा झालीच असती का? प्रामाणिकपणे सांगतो, माहीत नाही. कदाचित रागात बोलला, हेतू नव्हता, असं म्हणून कोर्टानं तरीही सोडला असता. असे निकाल मी पाहिलेत. पूर्वी मला ह्या ‘कदाचित’चा फार आधार वाटायचा. आता वाटत नाही. तो सुटला असता तर त्या शब्दांचा विचार होऊन सुटला असता. हौसाबाई खोट्या पडून नव्हे.

निकालाच्या दिवशी सेक्रेटरीच्या पाहुण्यांनी गावात गुलाल उधळला म्हणे, निवडणूक जिंकल्यासारखा. आणि त्याच दिवशी कोर्टाच्या फाटकापाशी हौसाबाईंनी मला गाठलं. पळून जायला जागा नव्हती. त्या म्हणाल्या, ‘सायेब, म्या खरंच तुमास्नी सांगितलं न्हवतं व्हय?’

त्या भांडायला आल्या नव्हत्या, हे तुम्ही लक्षात घ्या. त्या विचारायला आल्या होत्या. मला, पोलिसाला, शिकलेल्या माणसाला. माझ्यासमोर पुन्हा एक दार उघडं होतं, आणि ह्या वेळी ना शपथ होती, ना वकील, ना कुणी लिहून घेणारं. मी काय म्हणालो? ‘मावशी, दुःखात माणसाच्या ध्यानात राहत नाही.’

त्या म्हणाल्या, ‘मग मीच इसरलो आसणार. माज्यामुळं सुटला त्यो.’ आणि पदर सावरून एसटी स्टँडच्या वाटेनं निघाल्या.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. वाटेत वाक्यं जुळवली, गाडी थांबवून एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिली. त्या दारातच होत्या. ‘या की सायेब,’ म्हणाल्या. शेजारच्या बाईला हाक मारून मला दाखवलं, ‘ह्येंनीच माजी फिर्याद लिवलीती. ह्येंचा काय दोष न्हाय हां. माझ्याच ध्यानातनं गेलं.’

मी खाली बसलो. त्यांनी चहा टाकला. टाकताना दोनदा शेजारणीला विचारलं, ‘सोमवारचा निरोप सांगितला का गं मी तुला?’ ती म्हणाली, ‘सांगितलासा की.’ थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग त्या आत गेल्यावर शेजारीण हळूच मला म्हणाली, ‘कोर्टापास्नं आसंच हाय. येकच गोष्ट चार-चारदा इचारत्यात. दूध घालाय गेल्या तरी लिटर सांगत्यात आन् परत इचारत्यात, मी सांगितलं न्हवं? त्यो सेक्रेटरी हासतोय.’

तो पुन्हा तिथंच बसतो, त्याच टेबलापाशी.

हौसाबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला आणि तशाच उभ्या राहिल्या. ‘सायेब, साखर घातली का मी? आताशा मला माजाच भरवसा न्हाय.’ मी घोट घेतला. गोड होता. म्हटलं, ‘घातलीय मावशी.’ त्यांना बरं वाटलं. मग समोर बसून त्या आपणहून म्हणाल्या, ‘ल्योक काय बोलला न्हाय मला. येका शब्दानं न्हाय. पर सुट्टीला आला की जेवताना माज्याकडं बगत न्हाय. मलाबी वाटतंय, सायेब, येवडं मोटं कसं इसरलो आसंन मी?’

वाक्यं माझ्या तोंडाशी होती. मी कप खाली ठेवला. म्हटलं, ‘निघतो मावशी, अंधार व्हायच्या आत पोचायचंय.’ उन्हं अजून कौलांवर होती.

त्यानंतर गेलो नाही. बोललो नाही. सरकारी वकिलांना फोन करून अपिलाचं काही होतंय का विचारावं असं मनात येतं, नंबरही आहे. केलेला नाही. कायद्यात ‘चिथावणी’ आणि ‘नुसतं बोलणं’ ह्यांतला फरक मी तुम्हाला वर किती सोपा करून सांगितला. सेक्रेटरीचं कुठल्या बाजूला पडतं, ते कोर्टानं ठरवायचं होतं, मी ते कोर्टापुढं जाऊच दिलं नाही. आणि माझं कुठल्या बाजूला पडतं? एका जित्या बाईचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला, रोज थोडा थोडा जातोय तो, आणि ह्याला कुठलं कलम लागत नाही.

एक गोष्ट मी वर सांगायची गाळली. सवय, दुसरं काय.

त्या दिवशी फिर्याद देऊन, अंगठा पुसून हौसाबाई ठाण्याबाहेर गेल्या होत्या. मी फाईल बंद करत होतो. पायरीवरनं त्या परत फिरल्या, चपला बाहेर काढून पुन्हा आत आल्या आणि टेबलाच्या कडेला हात ठेवून म्हणाल्या, ‘सायेब, बाकीचं ऱ्हाऊ दे येकवेळ. तेवडं दे की इसरू नगासा. त्येच खरं हाय.’

मी म्हटलं, ‘नाही विसरत, मावशी. निवांत जावा.’

ते त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.